दुसऱ्या डब्याचे समीक्षाशास्त्र

प्रीॲम्प आधी बदलावा की त्याचा पॉवर सप्लाय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, हा प्रश्न आजवर जवळजवळ सर्वस्वी विशेषणांच्या बळावर सोडवला गेला आहे. आणि विशेषणांचे गैरव्यवहार हा आमचा प्रांत आहे.

ज्यांना या दुनियेची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. रेकॉर्ड प्लेअर किंवा सीडी प्लेअरकडून येणारा सिग्नल निवडणे, त्याची पातळी कमीजास्त करणे आणि तो पुढच्या पॉवर ॲम्पकडे सोपवणे, हे प्रीॲम्पचे काम. भिंतीतल्या 230 व्होल्टच्या एसी प्रवाहातून या नाजूक मंडळाला लागणारा शांत, स्थिर डीसी प्रवाह तयार करणे, हे पॉवर सप्लायचे काम. सामान्यतः दोन्ही एकाच पेटीत नांदतात. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी येथे ज्युलियन व्हेरेकर यांनी 1973 मध्ये स्थापन केलेल्या नेम ऑडिओने मात्र त्यांना वेगळे केले. नेमचे छोटे प्रीॲम्प आपली वीज पॉवर ॲम्पकडूनच घेत. पुढे ऐपतीप्रमाणे हायकॅप नावाचा स्वतंत्र डबा जोडायचा, आणखी ऐपत असेल तर सुपरकॅप. यातूनच तो सुप्रसिद्ध पेच निर्माण झाला: एनएसी 202 बाळगणाऱ्याने त्याला हायकॅप जोडावा, की ते पैसे वरच्या पायरीवरच्या एनएसी 282 साठी राखावेत? ही मालिका आता बंद झाली. पण 2022 पासून आलेल्या नव्या मालिकेतही एनपीएक्स 300 हा वेगळा पॉवर सप्लाय आहेच. यंत्रे गेली, पेच राहिला.

वेगळ्या डब्याला अभियांत्रिकीचा आधार नाही असे आम्ही म्हणत नाही. ट्रान्सफॉर्मरभोवती चुंबकीय क्षेत्र असते आणि ते नाजूक मंडळापासून हातभर दूर असलेले बरे. पण या एका रास्त कारणावर जो डोलारा उभारला गेला आहे, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून आम्ही मांडतो. 50 हर्ट्झचा एसी डीसीमध्ये बदलताना 100 हर्ट्झची एक लाट मागे उरते. समजा, ती चांगली एक व्होल्टची आहे. एलएम317 हा काही रुपयांना मिळणारा रेग्युलेटर, जोडीला एक छोटा कपॅसिटर दिला तर, तिला सुमारे 80 डेसिबलने, म्हणजे दहा हजारांश इतकी कमी करतो. पुढे एनई5534 सारख्या जुन्या, साध्या ऑपॲम्पची पुरवठ्यातली खोट सिग्नलपासून दूर ठेवण्याची क्षमता 100 डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे एक लाखांश. गुणाकार केला की उरतो व्होल्टचा अब्जावा भाग. आता 10 किलोओमच्या कोणत्याही सामान्य रोधाचा केवळ उष्णतेमुळे होणारा गोंगाट श्राव्य पट्ट्यात सुमारे दोन मायक्रोव्होल्ट असतो, म्हणजे त्या अब्जांशाच्या जवळजवळ दोन हजार पट. ज्या आवाजाच्या बटणाला आपण रोज हात लावतो तेच या अवशिष्ट लाटेहून अधिक बोलके आहे! शिवाय ज्या गायकाचा आवाज ऐकण्यासाठी हा खटाटोप, तो रेकॉर्डिंग स्टुडिओच्या मिक्सरमधून येतानाच अशा डझनावारी ऑपॲम्पमधून गेलेला असतो, हे कोणी लक्षात घेत नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे: ‘आमच्या प्रीॲम्पमध्ये ऑपॲम्प नाहीत, सुट्या ट्रान्झिस्टरांची साधी रचना आहे, ती पुरवठ्याला फार संवेदनशील आहे.’ असेलही. साध्या रचनांची ही प्रतिकारशक्ती कमी असू शकते. पण मग जो दोष मूळ मंडळात आहे, त्याचा उपाय निराळ्या पेटीत, निराळ्या किमतीला विकला जातो आहे. आणि गिऱ्हाईक त्या दोषाला गुण समजते आहे. पॉवर सप्लाय बदलल्यावर ज्या प्रीॲम्पचा आवाज स्पष्टपणे बदलतो, तो प्रीॲम्प अपुरा होता, एवढाच त्याचा अर्थ.

आता भाषेकडे वळू. दुसरा डबा जोडला की ‘पडदा दूर होतो’, ‘पार्श्वभूमी अधिक काळोखी होते’, ‘संगीत श्वास घेऊ लागते’. पुढच्या वर्षी त्याहून महाग डबा जोडला की पुन्हा पडदा दूर होतो. हा पडदा आहे की द्रौपदीचे वस्त्र? जे परीक्षक 282 ला ‘पूर्ण पारदर्शक’ म्हणाले असतील, त्यांना सुपरकॅप जोडल्यावर ‘आणखी पारदर्शक’ म्हणावे लागते. कारण पूर्णाला पुढची पायरी नसली तरी किंमतपत्रिकेला असते. त्यातही लय आणि गती हे शब्द आम्हांला विशेष खुपतात. लय ही वादकाच्या हातात असते, कवितेच्या ओळीत असते. ॲम्प्लिफायर काळ मागेपुढे करत नाही. झुमरा झुमऱ्याच्याच वेगाने बाहेर पडतो. तरीही लय सुधारल्याची ग्वाही शेकड्यांनी दिली जाते, आणि ऐकणाऱ्याला आपले कान तोकडे वाटू लागतात. पगारातून पैसे बाजूला टाकणाऱ्या माणसाला असे लाजवणे हे आम्हांला साधे पाप वाटत नाही.

आमच्या वाचकांना येथे एक जुनी गोष्ट आठवावी. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता वाटल्या आणि त्यांचे अभिप्राय 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये छापले. नावाचा आधार काढून घेताच सुशिक्षित वाचकांची कशी त्रेधा उडते, हे त्या पानांवर दिसते. त्या प्रयोगातून साहित्यसमीक्षा लाजली, पण शिकलीही. ध्वनियंत्रांच्या समीक्षेला मात्र डब्यावर कापड टाका म्हटले की अंगावर काटा येतो. घाईत, दडपणाखाली कान चालत नाहीत म्हणे! आम्ही म्हणतो, महिनाभर घ्या. डबा कोणता हे मात्र झाकलेले राहू द्या. सोळा वेळांत बारा वेळा बरोबर ओळखलेत, तर केवळ नशिबाने तसे घडण्याची शक्यता शेकडा चारांहून कमी असते, आणि मग आम्ही आमचे शब्द मागे घेऊ.

हा खेळ आम्ही स्वतः खेळलो आहोत, उसन्या आणलेल्या यंत्रांवर, एका रविवारी. पॉवर सप्लायमधला फरक आमच्यापैकी कोणालाही सांगता आला नाही. दोन प्रीॲम्पमधला फरक मात्र सर्वांना तत्काळ कळला, आणि महागडा सरस ठरला. मग कोणीतरी व्होल्टमीटर लावला, तेव्हा कळले की महागडा किंचित मोठ्याने वाजत होता. डेसिबलभराहून लहान फरक कानाला ‘मोठा’ म्हणून कळत नाही, ‘चांगला’ म्हणून कळतो. दोन्हींची पातळी शतांशाच्या फरकाने जुळवली, आणि सरसपणा ओसरला. चहा त्यानंतर जरा गप्पपणेच झाला.

तरीही कोणी निक्षून विचारलेच, दोहोंपैकी काय, तर आमचे मत प्रीॲम्पकडे झुकते. प्रीॲम्पला निदान काही काम आहे. कमी आवाजाला डावा-उजवा तोल बिघडवणारे बटण तो बदलून देऊ शकतो. मूव्हिंग कॉइल पिकअप असेल तर अर्ध्या मिलिव्होल्टच्या आतबाहेरच्या सिग्नलला उचलण्याचे खरेच कठीण काम त्याच्या फोनो भागाकडे असते. तेथे घूं असा आवाज येत असेल तर पॉवर सप्लायवर संशय घेणे योग्यच. सीडी ऐकणाऱ्याला मात्र एवढेही नको. प्लेअर दोन व्होल्ट देतो, पॉवर ॲम्पला बहुधा त्याहून कमी पुरतात, आणि प्रीॲम्प वाढवण्याऐवजी घटवतच बसतो.

त्यापेक्षा खोलीकडे पाहावे. आठ फूट रुंदीच्या खोलीचा पहिला अनुनाद सुमारे 70 हर्ट्झवर येतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषगायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झचा. म्हणजे भिंतीला टेकून बसणाऱ्याला तो खर्ज घुमतो, आणि बरोबर मध्यभागी मांडी घालून बसणाऱ्याला त्याचा मूळ स्वर जवळजवळ हरवतो. हा फरक दहा डेसिबलांचा सहज असतो, अब्जांशाचा नव्हे. बैठक दोन हात सरकवायला पैसे पडत नाहीत, आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी, उघड्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट, हे उपाय आमच्या वाचकांच्या घरी आधीच आहेत.

राहता राहिला एक अपवाद, आणि तो आम्ही मनापासून मान्य करतो. वीस-पंचवीस वर्षे चाललेल्या यंत्रातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकत जातात, आणि मग घूं आवाज खराखुरा वाढतो, कापड टाकूनही ऐकू येतो. असे यंत्र जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावे आणि ते कपॅसिटर बदलून घ्यावेत. पॉवर सप्लायची ही सुधारणा आम्हांला मान्य आहे. तिला नवा डबा लागत नाही, आणि म्हणूनच बहुधा तिच्यावर कोणी परीक्षण लिहीत नाही.