ब्रेक आणि सदसद्विवेक

मागे हैदराबादेस आप्तांकडे आमचे जाणे झाले. त्यांची मोटार विक्रेत्याच्या सर्व्हिस केंद्रात होती. तेथील कारकुनाने ब्रेकचे पॅड व डिस्क दोन्ही बदलण्याच्या खर्चाचा भला मोठा अंदाज पुढे केला. आप्त मुकाट्याने सही करू लागले, तोच आम्ही विनविले, "चाक उतरवून दाखवाल का?"

मिस्त्रीने मोजले. पॅडचे अस्तर 6 मिलिमीटर शिल्लक होते. सामान्यतः ते 3 मिलिमीटरवर आले की बदलतात. "हे अजून चालतील," तो कारकुनासमोरच म्हणाला, "पण ब्रेक ऑइल चार वर्षांचे आहे. ते आजच बदला."

हे तेल हवेतील ओलावा शोषते. बंजारा हिल्ससारख्या उतारावर ब्रेक वारंवार दाबून ते तापले, की त्यात वाफ धरते आणि ऐन वेळी ब्रेक पोकळ लागतो. म्हणून ते बहुधा दोन वर्षांनी बदलावे. गेल्या खेपेस चार पैसे वाचविण्यासाठी आप्तांनीच ते नाकारले होते!

प्रिय वाचकहो, नको ते काम गळ्यात मारणे हा सातव्या आज्ञेचा भंग होय. परंतु मुलाबाळांना मिस्साला नेणाऱ्या गाडीच्या ब्रेकात कंजुषी करणे, हा पाचव्या आज्ञेचा विसर नव्हे काय? अंदाज लेखी घ्यावा, झिजलेला भाग डोळ्यांनी पाहावा. फसवणूक झाल्यास 1915 या ग्राहक साहाय्य क्रमांकावर कळवावे, अथवा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागावी.

आणि वरिष्ठांची नाराजी पत्करून खरे बोलणाऱ्या त्या मिस्त्रीसारख्यांची प्रार्थनेत आठवण ठेवावी.