ओल्या भिंतीतील वीज

पावसाची पहिली मोठी झड होऊन गेली की मुंबईच्या सदनिकांतून दरवर्षी एक जोडतक्रार ऐकू येऊ लागते : छताला ओल आली आणि दिवे जाऊ लागले. ओलीविषयी घरमालक, सोसायटी आणि वरच्या मजल्यावरील बिऱ्हाड यांच्यात पत्रव्यवहार सुरू होतो. दिव्यांविषयी मात्र कोणीच कोणाला लिहीत नाही. भाडेकरू कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावतो, तो बटण बदलून पैसे घेऊन जातो आणि आठ दिवसांनी पुन्हा अंधार होतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात या पावसाळ्यात याच्याही पुढचा प्रकार घडला. वारंवार पडणारा ईएलसीबी ‘खराब आहे’ असे सांगून वायरमनने तो काढूनच टाकला व तारा सरळ जोडून दिल्या. दिवे लागले. चौथ्या दिवशी गृहिणीने न्हाणीघराबाहेरच्या बोर्डाला हात लावला आणि तिला झटका बसला. पायांत रबरी चपला होत्या म्हणून निभावले.

त्या घरात खरे बोलणारे एकच यंत्र होते आणि तेच काढून टाकण्यात आले होते. साधा एमसीबी पडतो तो तारांवर भार वाढला किंवा दोन तारा एकमेकींस भिडल्या म्हणजे. ओल्या भिंतीतून झिरपणाऱ्या विजेची त्याला दादही नसते. ईएलसीबी ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी पुरवठा तोडतो. ४० वॅटच्या दिव्याला जितका प्रवाह लागतो त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही हा कमी. पण माणसाच्या छातीतून जाण्यास एवढाही फार झाला.

दोष शोधण्याचे कामही दिसते तितके सोपे नाही. स्लॅबमधील पाइपात शिरलेले पाणी उताराने वाहत जाते व खालच्या बोर्डात साठते. म्हणून गळती एका खोलीत आणि ठिणगी दुसऱ्या खोलीत असा प्रकार होतो. शिवाय बटण बंद केले म्हणजे तोडली जाते ती केवळ फेजची तार. न्यूट्रल जोडलेलीच राहते. आणि ती ओल्या डबीत अर्थिंगला टेकली असेल, तर त्या खोलीची सारी बटणे बंद असतानाही ईएलसीबी पडतो. येथेच पुष्कळ वायरमन गोंधळतात व यंत्राला दोष देऊन मोकळे होतात. योग्य मार्ग असा की मेन स्विच बंद करावा, उपकरणे काढावीत, प्रत्येक शाखेच्या दोन्ही तारा सोडवाव्यात आणि ५०० व्होल्टच्या मेगरने एकेक शाखा तपासावी. एक मेगोहमपेक्षा कमी आकडा आला तर ती शाखा वापरू नये. मग आधी गळती थांबवावी, भिंत वाळू द्यावी, हिरवट गंज चढलेले सांधे कापून तारा बदलाव्यात, पुन्हा मेगर लावावा. हा क्रम उलटा केला तर नवी तारही ओल्या पाइपात जुनी होते.

आता प्रश्न उरतो खर्चाचा. आणि खरे दुखणे तेच आहे. वीज कंपनीची जबाबदारी मीटरपाशी संपते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती व सदनिकेच्या मेन स्विचपर्यंतची वायरिंग सोसायटीने पाहावयाची; त्यापुढचे सदस्याचे. सदस्य म्हणजे मालक. परंतु ‘किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी’ असे कलम करारात घालून मालक हा भार भाडेकरूवर ढकलतो. भिंतीच्या पोटातील तार किरकोळ कशी, हे आम्हांस उमगलेले नाही. भाडेकरू खोलीखोलीत एअरकंडिशनर लावून जुन्या तारांवर भार टाकतात, ही मालकांची तक्रार अगदीच खोटी नाही. पण छतातून पाणी काही भाडेकरू आणीत नाही.

३१ मार्च २००० रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, विरुद्ध करार नसल्यास, घर राहण्याजोगे ठेवण्याचे बंधन मालकावर घातले आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही तो हलला नाही तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी व खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे नाही. महिना २०० रुपये भाड्याच्या पागडीच्या घरात हा हिस्सा वर्षाला ६०० रुपये भरतो. एवढ्यात एक खोलीही धड होणार नाही. आणि लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा, म्हणजे आजचा बहुसंख्य तरुण बिऱ्हाडकरू, कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नव्हे. त्याला हा चौथा हिस्साही नाही. त्याच्यापाशी असतो तो केवळ करार.

म्हणूनच त्या कराराकडे सरकारने लक्ष द्यावे अशी आमची मागणी आहे. त्याची नोंदणी सक्तीची आहेच. पंखे किती, गीझर किती, किल्ल्या किती अशी यादी त्यास जोडली जाते. तीतच परवानाधारक विद्युत ठेकेदाराने घेतलेले प्रत्येक शाखेचे मेगरचे आकडे आणि ईएलसीबी चालतो की नाही याची नोंद असावी. ओलीने बिघडलेली वायरिंग मालकाने दुरुस्त करावी, हे नमुना करारातच छापलेले असावे. यास मालकाला एका दिवसाचा खर्च येईल.

आमच्या त्या परिचितांनी नवा ईएलसीबी स्वतःच्या खर्चाने बसवून घेतला आहे. न्हाणीघराकडची शाखा तोडून ठेवली आहे आणि तेथे पुढच्या खोलीतून ओढलेल्या वायरीवर एक दिवा जळतो. मालकांना पाठविलेल्या पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही.