जगाची चावडी आणि आमचा उंबरा

दुसऱ्यानें आपल्या घरांतील बायकांची विचारपूस केली कीं पुष्कळांच्या मिशा ताठ होतात. ‘आमच्या घरांत काय चाललें आहे तें आमचें आम्ही पाहूं, तुम्ही कोण पुसणार?’ हा सवाल गांवच्या पारावर जितका ऐकूं येतो, तितकाच तो राजधानीच्या दिवाणखान्यांतही ऐकूं येतो. फरक इतकाच कीं पारावरचा मनुष्य तो शिवी हासडून विचारतो आणि दिवाणखान्यांतला मनुष्य तो ‘राष्ट्राची अब्रू’ या भरजरी शेल्यांत गुंडाळून विचारतो. संयुक्त राष्ट्रांची स्त्रीहक्क समिति भारत सरकारला लेकीबाळींचा हिशेब विचारते, तेव्हां हाच सवाल पुन्हां पुन्हां उठतो. म्हणून हें प्रकरण आहे तरी काय, तें आमच्या कुणबी, माळी, सुतार, कुंभार बांधवांपुढें आणि त्याहून अधिक आमच्या भगिनींपुढें उलगडून ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१८ डिसेंबर १९७९ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें एक करार मंजूर केला. स्त्री म्हणून जन्मली एवढ्याच कारणानें कोणाही बाईला शिक्षण, मजुरी, औषधपाणी, जमीन, लग्न, मतदान यांत कमी लेखूं नये, आणि लेखलें जात असेल तर सरकारनें तें थांबवावें, हें त्या कराराचें सार. ३ सप्टेंबर १९८१ पासून तो अमलांत आला. भारतानें त्यावर १९८० सालीं सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजीं तो पक्का केला. ही सही करावयास दिल्लीच्या दारीं कोणी तोफा आणून उभ्या केल्या नव्हत्या. आमच्या शेतकऱ्याला हें समजावून सांगावयास नको. सावकाराच्या कागदावर न वाचतां अंगठा उठविला तरी त्याच्या बापजाद्यांना तें कर्ज व्याजासकट फेडावें लागलें. मग शिकल्यासवरल्या सरकारनें वाचून, विचार करून, तेरा वर्षें थांबून जो कागद पक्का केला, त्याचा हिशेब कोणी मागितला तर ‘तुम्ही कोण?’ असें कसें म्हणतां येईल?

हिशेब घेण्याची रीतही ऐका. निरनिराळ्या देशांतील तेवीस जाणकारांची एक समिति आहे. दर चार वर्षांनीं प्रत्येक सरकारनें तिच्याकडे आपला अहवाल पाठवावयाचा, मग समोर बसून प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं. आम्ही पडलों शाळामास्तर. तपासणी म्हणजे काय तें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. साहेब यावयाचे असले कीं भिंतींना चुना लागतो, हजेरीपट चकचकीत होतो, आणि वर्षभर ढोरांमागें फिरणारें पोर त्या दिवशीं अंघोळ करून पहिल्या रांगेंत बसतें. सरकारी अहवालही असाच चुना लावलेला असतो. त्यांत कायद्यांचीं नांवें असतात, योजनांचीं नांवें असतात, खर्चाचे आंकडे असतात. परंतु येथें एक सोय अशी आहे कीं त्या देशांतील स्त्रियांच्या संस्था सरकारच्या अहवालाशेजारीं आपला वेगळा अहवाल ठेवूं शकतात. साहेबानें मास्तराचें ऐकावें आणि पोरांच्या आयांचेंही ऐकावें, असा तो प्रकार. शेवटीं समिति आपला अभिप्राय लिहून तो जगजाहीर करते. तिच्याजवळ ना पोलीस, ना दंड, ना तुरुंग. जें आहे तें कागदावर मांडणें एवढेंच तिचें हत्यार. आणि ज्यांना झांकावयाचें असतें त्यांना याच हत्याराची भीति अधिक वाटते.

आमच्या सरकारचा पहिला अहवाल १९९४ सालीं जावयास हवा होता. समितीपुढें त्याचा विचार झाला तो जानेवारी २००० मध्यें. वरातीमागून घोडें म्हणतात तें हेंच. पुढें २००७ सालीं आणि मग जुलै २०१४ मध्यें जिनिव्हास पुन्हां चौकशी झाली. दलित स्त्रियांवरील अत्याचार करणारे मोकळे सुटतात, लष्कराला विशेष अधिकार दिलेल्या मुलुखांत बायकांना दाद मिळत नाहीं, नवऱ्यानें बायकोवर केलेली बळजोरी कायद्यांत बलात्कार ठरत नाहीं, अशा गोष्टी त्या वेळीं समितीनें स्पष्ट मांडल्या. यांतील शेवटली गोष्ट घ्या. इंग्रजांच्या दंडसंहितेंतील ही सवलत २०२३ च्या नव्या न्यायसंहितेनेंही, बायको अठरा वर्षांची झालेली असली म्हणजे, नवऱ्यांना तशीच ठेवून दिली आहे. नांवाची पाटी बदलली, घर तेंच राहिलें.

आतां या प्रकरणांतील खरी मेख सांगतों. करार पक्का करतांना भारत सरकारनें त्याला दोन निवेदनें जोडून ठेवलीं आहेत. पहिल्याचा भावार्थ असा कीं, चालीरीति, लग्न आणि कुटुंब यांबाबत कोणत्याही समाजाच्या खाजगी व्यवहारांत, त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय व संमतीशिवाय, सरकार हात घालणार नाहीं. दुसऱ्याचा भावार्थ असा कीं, लग्नाची सक्तीची नोंद हें तत्त्व चांगलें आहे, परंतु नाना रूढी, नाना धर्म आणि कमी साक्षरता असलेल्या एवढ्या विशाल देशांत तें व्यवहार्य नाहीं.

ऐकावयास किती गोड! परंतु आम्ही विचारतों, समाज म्हणजे कोण? जातपंचायत भरते तेव्हां घोंगडीवर बसतो तो समाज, कीं ज्या बाईचा निवाडा चालला आहे आणि जिला तोंड उघडण्याचीही मुभा नाहीं, ती समाज? ज्यांच्या हातीं रूढीची काठी आहे त्यांच्याच संमतीनें ती काठी काढून घ्यावयाची, म्हणजे चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या देणें होय. आमच्या महाराष्ट्रालाच सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला, तो पंचांची संमति घेऊन केला काय? आणि लग्नाच्या नोंदीचें म्हणाल, तर या विशाल देशांत गुंठ्यागुंठ्याची नोंद सातबाऱ्यावर होते, बाजारांत बैल विकला तर त्याची पावती फाटते. जमिनीची नोंद जमते, बैलाची जमते, मग पोरीच्या लग्नाचीच नोंद तेवढी अवघड कशी? १९९८ सालीं महाराष्ट्रानें लग्ननोंदणीचा कायदा केला आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व राज्यांना अशी नोंद सक्तीची करण्यास सांगितलें. नोंद असली तर वय लपवितां येत नाहीं, पहिली बायको नाकारतां येत नाहीं, विधवेला घराबाहेर काढतां येत नाहीं. अडचण विशालतेची नाहीं, अडचण आहे ती इच्छेची.

‘बाहेरच्यानें बोलूं नये’ हा मंत्रही आजचा नव्हे. रखमाबाई ही मुंबईतील सुतार जातीची मुलगी. अकराव्या वर्षीं तिचें लग्न लावून दिलें. मोठी झाल्यावर तिनें त्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें नाकारलें. १८८४ सालीं नवऱ्यानें दावा लावला. १८८७ सालीं कोर्टानें हुकूम केला कीं नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. ती म्हणाली, तुरुंग पत्करतें. ही गोष्ट विलायतेपर्यंत गाजली, तेव्हां टिळकांच्या केसरीनें तिची बाजू घेतली नाहीं; तो तिच्या विरुद्ध उभा राहिला. पुढें १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षें करण्याचा कायदा आला, तेव्हांही त्यांचें म्हणणें हेंच कीं परक्या सरकारनें आमच्या घरांत हात घालूं नये. दहा वर्षांच्या पोरीला कोणी विचारलें होतें काय कीं तुझें घर कोणतें? मात्र येथें एक गोष्ट विसरूं नये. रखमाबाईला तुरुंगाची धमकी देणारें कोर्ट त्या परक्या सरकारचेंच होतें. म्हणून ‘परका तेवढा देव आणि आपला तेवढा राक्षस’ असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. बोलणारा कोठला हें पाहण्याऐवजीं बोलणें खरें कीं खोटें एवढेंच पाहावें. अमेरिकेनें या करारावर १९८० सालीं सही केली, पण तो अद्याप पक्का केलेला नाहीं. तिनें इतरांना स्त्रीहक्कांचे धडे द्यावे हें हास्यास्पद आहे. परंतु शेजाऱ्याचें छप्पर गळतें म्हणून आपल्या घरांत पाणी येणें थांबत नाहीं.

शिवाय ही फूटपट्टी परक्यांचीच आहे असेंही नाहीं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यांत ‘सर्व पुरुष’ असे शब्द येऊं पाहत होते. तेथें ‘सर्व मानव’ असे शब्द घालावयास लावणारी बाई भारताची हंसा मेहता होती.

‘या कागदाचा आम्हां गरिबांना उपयोग काय?’ असें कोणी विचारील. त्याला भंवरीदेवीची हकीकत सांगावी. राजस्थानांतील भटेरी गांवची ही कुंभारीण सरकारच्या महिला विकास कार्यक्रमांत ‘साथिन’ म्हणून काम करीत होती. तिनें एक बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ सालीं वरचढ जातीच्या लोकांनीं तिच्यावर सामूहिक अत्याचार केला. १९९५ सालीं खालच्या कोर्टानें आरोपी त्या आरोपांतून सोडून दिले. वरच्या जातीचा मनुष्य खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाहीं, असल्या तर्काला त्या निकालांत जागा मिळाली. शिवाशिवीचा हा उपयोग तर मनुस्मृतीलाही सुचला नव्हता! या अत्याचारानंतर, त्या निकालाच्या आधींच, स्त्रियांच्या संस्था सर्वोच्च न्यायालयांत गेल्या होत्या. कामाच्या ठिकाणीं बाईची छेड काढणाऱ्यास आवरणारा कायदा त्या वेळीं देशांत नव्हता. १९९७ च्या विशाखा निकालांत न्यायालयानें याच आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले, आणि २०१३ सालीं त्यांचा कायदा झाला. आज शहरांतील कचेरींत एखादी शिकलेली मुलगी निर्भयपणें तक्रार करते, ती एका कुंभारणीच्या दुःखावर उभी आहे. त्या कुंभारणीला मात्र स्वतःच्या खटल्यांत वर्षानुवर्षें न्याय मिळाला नाहीं, हेंही त्याच वहींत लिहून ठेवलें पाहिजे.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. या कराराचें चौदावें कलम खास खेड्यांतील स्त्रियांसाठीं आहे. तें हातीं घेऊन बीड जिल्ह्यांत चला. तेथें ऊसतोडीला नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हातीं पडते, आणि फेडावयाची दोघांच्या घामानें. एक दिवस पडलें तर खाडा लागतो. बाईची पाळी आली तरी खाडा माफ नाहीं. फडावर ना मोरी, ना संडास, ना दवाखाना. याचा परिणाम काय झाला? २०१९ सालीं सरकारच्याच समितीसमोर आलेल्या पाहणींत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकीं १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागें एक! आमच्या चहांत पडणाऱ्या साखरेची ही किंमत आहे. ही गोष्ट जगाच्या चावडीवर वाचली गेली तर देशाची अब्रू जाते म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे कीं, त्या बायका शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडल्या होत्या, तेव्हां अब्रू कोठें गेली होती?

परंतु सरकारला झोडपून आम्हीं मोकळें व्हावें, असें हें प्रकरण नाहीं. शेतकरी बंधूंनो, आतां तुमच्या सातबाऱ्याकडे पाहा. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि सगळ्या देशानें २००५ सालीं हिंदु कुटुंबांत मुलीला मुलाबरोबरीचा हिस्सा दिला. कायदा आला आणि पाठोपाठ हक्कसोडपत्राचा धंदा तेजींत आला. बाप गेला कीं बहिणीला मोटारींत घालून कचेरींत न्यावयाचें, सही घ्यावयाची, आणि लुगडेंचोळी देऊन वाटेला लावावयाचें. सही केली नाहीं तर माहेर तुटतें हें तिला ठाऊक असतें. यालाच आपण ‘बहिणीनें खुषीनें सोडलें’ म्हणतों. पिढ्यान् पिढ्या आपलें हक्क भटशाहीनें व सावकारशाहीनें खाल्ले म्हणून आपण ओरडत आलों, आणि घरांत आपणच बहिणीचे सावकार होऊन बसलों! जिनिव्हाचे तेवीस जण दिल्लीला जें विचारतात, तेंच आपल्या बहिणीनें आपल्याला विचारलें तर आपण काय उत्तर देणार?

निराश होण्याचें मात्र कारण नाहीं. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांतील हेरवाड गांवानें मे २०२२ मध्यें ठराव केला कीं, नवरा मेल्यावर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या प्रथा गांवांत बंद. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें परिपत्रक काढून इतर गांवांनींही तो कित्ता गिरवावा असें सांगितलें. सरकार ज्या ‘समाजाच्या पुढाकाराची’ वाट पाहत होतें तो पुढाकार एका खेड्यानें घेऊन दाखविला. आतां दिल्लीजवळ सबब कोणती उरली?

म्हणून आमच्या मागण्या अशा. सरकारनें तीं दोन्ही निवेदनें मागें घ्यावीं. समितीनें हें एकाहून अधिक वेळां सांगितलें आहे. समितीपुढें जाणारा अहवाल आणि तिचा अभिप्राय मराठींत छापून प्रत्येक ग्रामपंचायतींत पाठवावा, आणि ग्रामसभेपूर्वीं भरणाऱ्या महिला सभेंत तो मोठ्यानें वाचावा. ज्यांच्याविषयीं हिशेब दिला जातो, त्यांना तो हिशेब ऐकण्याचा पहिला हक्क आहे. ऊसतोडीची उचल आणि मजुरी बाईच्या नांवानें वेगळी लिहिली जावी.

आणि तुम्हांआम्हांकडे मागणें असें. लग्न लागलें कीं त्याच आठवड्यांत त्याची नोंद करा. अठराच्या आंत पोर उजवूं नका. तिच्या वयाचा दाखला शाळेंत आहे, तो काढून पाहा, आणि गांवांत कोणी वय चोरीत असेल तर ग्रामसेवकाला कळवा, कारण तें थांबविणें हें त्याचें कामच आहे. बायकोचें नांव सातबाऱ्यावर आपल्या नांवाशेजारीं चढवा. बहिणीपुढें हक्कसोडपत्र ठेवूं नका. तिचा हिस्सा तिच्या नांवें लावून द्या, मग त्याचें काय करावयाचें तें तिचें तिला ठरवूं द्या. येत्या ग्रामसभेंत हेरवाडसारखा ठराव कोणी मांडला तर हात वर करा, आणि कोणीच मांडला नाहीं तर तुम्हीच मांडा.