पोराचा ‘मॅक्स’ किती?

कळसूबाईला निघालेल्या मुंबईकरांचं घोटी हे हक्काचं वळण. हायवे सोडायचा, टपरीवर चहा मारायचा आणि बारी गावाचा रस्ता धरायचा. हल्ली चढावर दम लागला की सगळे आधी मनगटावरचं घड्याळ बघतात. व्हीओटू मॅक्स ३८! म्हणजे जीव तोडून पळताना शरीर दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा. घड्याळ तो मोजत नाही, नाडी आणि वेगावरून अंदाज बांधतं. आपल्यापुरतं ठीक आहे हो. पण दहा वर्षांच्या पोराचाही आकडा काढायचं मनात असेल, तर जरा थांबा.

खरी टेस्ट लॅबमध्ये होते. तोंडावर मास्क, पायाखाली ट्रेडमिल, दर काही मिनिटांनी वेग किंवा चढ वाढवायचा. वेग वाढूनही ऑक्सिजन वाढेना, की तो ‘मॅक्स’. गंमत म्हणजे बहुतेक मुलं त्या टप्प्याआधीच थांबतात. दमली म्हणून की कंटाळली म्हणून, ते मशीनला कसं कळणार? म्हणून शास्त्रज्ञ मुलांच्या बाबतीत ‘मॅक्स’ऐवजी ‘पीक’ म्हणतात. ‘२२० वजा वय’ हे गणितही इथे आपटतं: आठ वर्षांचा असो की चौदाचा, ट्रेडमिलवर दोघांचे ठोके साधारण २००च्या आसपास जातात. हृदयविकार असलेल्या मुलांसाठी डॉक्टर ही टेस्ट करतात, तिथे ती मोलाची.

शाळेत सोपा मार्ग आहे, खेलो इंडियाच्या चाचणीतली ६०० मीटर धाव. पण घोटीच्या जुलैतल्या चिखलातली वेळ आणि जानेवारीतली वेळ एकच कशी धरायची? शिवाय किलोने भागलं की गुबगुबीत पोराचं हृदय ठणठणीत असूनही आकडा पडतो. ‘अनफिट’ हा शिक्का एकदा बसला की ते पोर मैदानाकडे फिरकत नाही. हे मला सगळ्यात खटकतं.

याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरमध्ये ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियाडमध्ये सिल्व्हर मिळवलं. लहानपणी ती लांबून पाणी आणायची. मास्क लावून तिला कुणी निवडलं नव्हतं.

तरी मोजायचंच असेल, तर त्याच पोराची, त्याच मैदानावर, सहा महिन्यांनी पुन्हा वेळ घ्या. आणि शेजारी उंची-वजन लिहा, कारण अर्धी प्रगती नुसती उंचीचीही असू शकते.