चार स्क्रूंची मजुरी

'मजुरी' हा शब्द गावाकडे एकदम सरळ आहे. सकाळी वावरात आलात, कांदे लावलेत, संध्याकाळी हिशोबाने पैसे घेतलेत, विषय संपला. कामही डोळ्यांसमोर आणि पैसेही. हाच शब्द एसी शोरूममध्ये शिरला की कडक इस्त्री करून 'लेबर चार्जेस' होतो. मग तो नेमका कशाचा, हे टाय लावलेल्या माणसालाही धड सांगता येत नाही.

हे सुचायचं कारण एक बिल. माझा आतेभाऊ आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या अलीकडे राहतो. घरातली पहिली चारचाकी घ्यायची म्हणून त्याने टोमॅटोच्या दोन हंगामांतले पैसे राखून ठेवले होते. आता टोमॅटोचं पीक म्हणजे काय हे ज्याचं गाव जुन्नर-आंबेगावात आहे त्याला सांगायला नको. एका वर्षी नारायणगावच्या बाजारात क्रेटला सोन्याचा भाव, पुढच्या वर्षी तोच माल रस्त्याच्या कडेला. त्यामुळे या घरात 'हजार रुपयांचं काय एवढं' असं कुणी म्हणत नाही.

गाडी बुक झाली, फायनान्स झाला, डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी अॅक्सेसरीजचं बिल व्हॉट्सअॅपवर आलं आणि पठ्ठ्याचा मला फोन.

"दादा, तू आयटीत आहेस ना? मग सांग, गाडीत मॅट अंथरायचे शंभर रुपये कसे काय?"

आयटीचा आणि मॅटचा संबंध काय हे मला कळलं नाही, पण बिल मात्र वाचलं. मडफ्लॅप बसवायचे २५० रुपये. फ्लोअर मॅटचे १००. दारांवरच्या पावसाळी व्हायजरचे २००. रिव्हर्स कॅमेऱ्याचे ६००. झाले ११५०, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २०७, एकूण १३५७ रुपये. वस्तूंची किंमत वेगळी बरं का, ही फक्त 'फिटमेंट'. आत्याच्या वावरात दोन बायका दोन दिवस खुरपून साधारण एवढेच पैसे नेतील.

आता पहिल्यांदा डीलरची बाजू. कारण कॉलमवाल्याने शोरूमला शिव्या घालणं फार सोपं असतं. नव्या गाडीच्या विक्रीत डीलरला सुटणारं मार्जिन पातळ असतं. वर जागेचं भाडं, पगार, डेमो गाड्या, यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांवरचं व्याज. त्याची खरी कमाई होते ती इन्शुरन्स, फायनान्स, सर्व्हिसिंग आणि अॅक्सेसरीजमध्ये. शिवाय काम म्हणजे काम. कुणाचा तरी वेळ जातो, कुणाची तरी हत्यारं लागतात, आणि काही बिघडलं तर जबाबदारी त्यांची.

बिलातला रिव्हर्स कॅमेराच घ्या. त्यासाठी मागचा ट्रिम उघडायचा, वायर डिकीच्या रबरातून अशी न्यायची की झाकण हजार वेळा उघडलं तरी तुटणार नाही, रिव्हर्स लाइटचं कनेक्शन घ्यायचं, डॅशबोर्ड खोलून स्क्रीनला जोडायचं आणि सगळं परत कुरकुर न करता बसवायचं. चुकीच्या जागी वायर सोलून नुसती टेप गुंडाळली तर बॅटरी उतरण्यापासून शॉर्ट सर्किटपर्यंत काहीही होऊ शकतं. याला कौशल्य लागतं, त्याचे सहाशे रुपये घ्या की राव! सोनाराची घडणावळ आपण देतो, शिंप्याची शिलाई देतो. कापड मीच आणलंय, आता फुकट शिवा, असं कुणी म्हणतं का?

पण मॅट?

मोबाइलच्या दुकानात टेम्पर्ड ग्लास घेतली की पोरगा ती समोरच लावून देतो. बुडबुडा न येता काच चिकटवणं हे मॅट अंथरण्यापेक्षा नक्कीच अवघड. घड्याळाला नवा पट्टा घेतला की तोही बसवूनच मिळतो. तिथे 'फिटमेंट'ची वेगळी ओळ नसते. म्हणजे आपल्या बाजारात एक न लिहिलेला नियम आहे. ज्या कामाने वस्तू नुसती जागेवर बसते, ते विक्रीचाच भाग. ज्या कामाने वस्तूत किंवा गाडीत काही बदलतं, कापलं जातं, जोडलं जातं, ती मजुरी. मला तरी हा फंडा शंभर टक्के पटतो.

इथे कुणी म्हणेल, मॅट म्हणजे किरकोळ गोष्ट, त्यावर एवढं काय? किरकोळ अजिबात नाही. ऑगस्ट २००९मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोजवळ एक लेक्सस गाडी बेफाम वेगाने जाऊन आदळली आणि चार माणसं गेली. ती गाडी डीलरने ग्राहकाला तात्पुरती वापरायला दिलेली होती, आणि तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती. अॅक्सिलरेटरचं पेडल त्या मॅटमध्ये अडकलं होतं. त्यानंतर टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांबाबत मॅटचा इशारा देऊन रिकॉल जाहीर केला. तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूची मॅट त्याच मॉडेलची आहे ना, हुकात अडकली आहे ना, पेडलखाली सरकत नाही ना, हे पाहणं डीलरचं कर्तव्यच आहे. ब्रेक चालतात की नाही हे तपासायचे आपण वेगळे पैसे देतो का? मग मॅट नीट बसवायचे कशाला?

गंमत म्हणजे 'बसवण्याचे पैसे कुणी द्यायचे' हा प्रश्न सरकारने एका ठिकाणी आधीच सोडवलाय. तुमच्या गाडीची नंबर प्लेट बघा. १ एप्रिल २०१९पासूनच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीकडून येते, ती डीलरने लावून द्यायची, आणि तिची किंमत गाडीच्या किमतीतच धरलेली असते. त्याआधीच्या जुन्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात दर ठरवून दिले गेले: दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५ रुपये, अधिक जीएसटी. केंद्रावर जाऊन प्लेट लावून घ्यायची मजुरी त्यातच आली. म्हणजे जुन्नरच्या शेतकऱ्याचा जुना ट्रॅक्टर असो की हिंजवडीच्या पार्किंगमधली एमएच १४ सेदान, दर आधी माहीत आणि फिटिंगसकट. त्या स्नॅप लॉकचं काम मडफ्लॅपच्या चार स्क्रूंपेक्षा सोपं आहे असं मला वाटत नाही.

आता आमच्या हायवेकडे या. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव, आळेफाटा भागात सीट कव्हर आणि रेडियमची दुकानं आहेत. तिथला हिशोब ऐकण्यासारखा असतो. "बसवून देणार ना?" "म्हंजे काय भाऊ, बसवूनच!" फिटिंग तिथेही फुकट नसतं हे लक्षात घ्या. ते किमतीत मिसळलेलं असतं. पण सौदा ठरतो तेव्हा एकच आकडा ठरतो, आणि तुम्ही तो ऐकून 'नको' म्हणू शकता. समोर अजून दोन दुकानं असतातच.

शोरूममध्ये नेमकी हीच सोय नसते. बुकिंगच्या वेळी कोटेशनवर 'अॅक्सेसरीज पॅकेज' अशी एक गोल ओळ असते. फिटिंगची ओळ उगवते शेवटी, डिलिव्हरीच्या तोंडावर. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश अवकाशातले क्षीण सिग्नल पकडतात, पण कोटेशनच्या तळाशी असलेला तो बारीक स्टार त्यांच्याही आवाक्यातला नाही! आणि डिलिव्हरीच्या दिवशी भांडणार कोण? आई ओवाळायचं ताट घेऊन उभी असते, गाडीला हार घातलेला असतो, लिंबू चाकाखाली ठेवलेलं असतं, पुढे ओझरला विघ्नहराला जायचं असतं. अशा मुहूर्तावर शंभर रुपयांसाठी तोंड वाकडं करणारा माणूस आपल्याच घरात व्हिलन ठरतो. माझा खरा आक्षेप रकमेला नाही, या टायमिंगला आहे.

दुसरा हुकमी पत्ता म्हणजे वॉरंटी. "सर, बाहेरून काही बसवलंत तर वॉरंटी जाईल हं." हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोकादायक. बाहेर वायरिंग कापून घेतलंत आणि त्यामुळेच बिघाड झाला तर कंपनी त्या बिघाडाची भरपाई नाकारू शकते, आणि ते योग्यच आहे. पण बाहेरच्या माणसाचा हात लागला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द? ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुट्या भागांची आणि दुरुस्तीची वाट अडवल्याबद्दल सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. बाहेरच्या स्वतंत्र गॅरेजमध्ये गेल्यास वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट घालू नका, असंही त्याच आदेशात बजावलं होतं. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा समजून घ्यायला तो आदेश झकास आहे. आणि सीट कव्हर किंवा मडफ्लॅपमुळे इंजिनची वॉरंटी कशी जाते, हे जरा लेखी मागून बघा. समोरचा चहा मागवतो.

हॉटेलांचं उदाहरण ताजं आहे. बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नका, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ला सांगितलं. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. तत्त्व सोपं आहे. ग्राहकाने मोकळेपणाने दिलं तर ठीक, न विचारता उकळायचं नाही. मोटारींच्या फिटिंगबद्दल तो निकाल नाही हे मान्य. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, एक वस्तू घ्यायची तर दुसरी वस्तू किंवा सेवा घ्यावीच लागेल अशी सक्ती करणं, ही प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे. 'पॅकेज घेतलं तरच गाडी लवकर मिळेल' हे वाक्य कुणी ऐकवलं तर एवढं लक्षात ठेवा.

मजुरी घेतली तर ती जाते कुणाला? या बिलाच्या निमित्ताने वर्कशॉपमधल्या फिटिंगच्या पोराशी बोलणं झालं. जुन्नरकडचाच निघाला. म्हणाला, "मला महिन्याचा पगार, भाऊ. मॅट टाका नाहीतर कॅमेरा लावा, तेवढाच." सगळीकडे असंच असेल असं मी म्हणत नाही. पण 'लेबर' या नावाखाली घेतलेल्या पैशातून लेबरला काहीच मिळत नसेल, तर त्या ओळीला दुसरं काहीतरी नाव द्यायला हवं. त्याचं कसब जिथे लागतं तिथे पैसे घ्या आणि त्याला त्यातला वाटा द्या, मी टाळ्या वाजवीन.

तर मंडळी, गाडी घेणार असाल तर बुकिंगचा चेक लिहायच्या आधी एवढं करा. अॅक्सेसरीजची ओळीनिहाय यादी मागा: वस्तूची किंमत, फिटिंग, टॅक्स वेगवेगळं. पाकिटावरची एमआरपी बघा. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: इथे काही कापायचं, जोडायचं आहे का? नसेल तर फिटिंग शून्य करून मागा. काचेवर काळी फिल्म देतो म्हणाले तर सरळ नको म्हणा, २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केलीय. गाडीपुढच्या लोखंडी गार्डचंही तेच. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं. त्याने एअरबॅगच्या कामात अडथळा येऊ शकतो, आणि चालणाऱ्या माणसाला जास्त लागतं. बेकायदा वस्तू, वर ती बसवायची मजुरी, वर पोलिसाचा दंड, असा ट्रिपल धमाका कशाला?

एवढं करूनही कुणी ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती पोर्टल आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी नाही, आणि तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. १९७४मध्ये ग्राहक पंचायत सुरू झाली ती आपल्या पुण्यात. त्या पुण्याच्या माणसाने बिल न वाचता सही करावी हे शोभत नाही.

आतेभावाचं पुढे काय झालं? त्याने सकाळी मॅनेजरला फोन लावला आणि एकच वाक्य बोलला. "साहेब, कॅमेऱ्याचे सहाशे देतो, पण मॅट मी स्वतः अंथरतो, गाडी बिनमॅटची द्या." पाच मिनिटांत मॅट आणि मडफ्लॅपच्या ओळी गायब झाल्या. व्हायजरचे दोनशे मात्र त्यांनी घेतलेच. चिकटपट्टी सरळ लावायला कसब लागतं म्हणे. असेलही. ते आधी सांगितलं असतं तर त्यानेही कुरकुर न करता दिले असते.