त्याग कोणाचा आणि कोणासाठी?

इंग्लंडच्या राजघराण्यावरील ‘द क्राउन’ ही मालिका नेटफ्लिक्सने २०१६ ते २०२३ या काळात सहा पर्वांत दाखविली. मुकुट आधी, माणूस नंतर, हा उपदेश तीत वडीलधाऱ्यांच्या मुखातून वारंवार ऐकू येतो. प्रेक्षक हळहळतो आणि हे कर्तव्य थोर होय असे मानून उठतो. परंतु कायद्याच्या अभ्यासकाने येथेच थांबून विचारले पाहिजे की, हे कर्तव्य ठरविले कोणी?

पहिल्या पर्वातील राजकन्या मार्गारेटचे प्रकरण घ्या. पीटर टाऊनसेंड हा राजदरबारी सेवेतील वैमानिक अधिकारी. त्याचा घटस्फोट १९५२ साली झाला होता. त्याच्याशी विवाह केल्यास राजकुटुंबात राहता येणार नाही, असे मालिकेतील राणी अखेर आपल्या सख्ख्या बहिणीस सांगते. येथे खरा अडसर दैवाचा नव्हता. तो धर्मपीठाच्या मताचा आणि १७७२ च्या राजविवाह कायद्याचा होता. आपल्या भावाचा विवाह न रुचल्यामुळे तिसऱ्या जॉर्जने तो कायदा करविला आणि त्याचा भार १८३ वर्षांनंतर एका तरुणीवर पडला! ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी मार्गारेटने विवाह न करण्याचा निर्णय जाहीर केला. तीत तिने धर्माची शिकवण आणि राष्ट्रकुलाविषयीचे कर्तव्य ही कारणे दिली.

आता इतिहासाची दुसरी बाजू पाहा. २००४ साली खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांवरून असे दिसते की, तिने आपला व आपल्या संततीचा वारसाहक्क सोडावा, मात्र पदवी व नेमणूक कायम राहावी, अशी कायदा बदलण्याची योजना १९५५ सालीच तयार होती. म्हणजे मालिकेने रंगविलेला पेच वस्तुतः इतका अभेद्य नव्हता. त्या वेळचे पंतप्रधान ईडन हे तर स्वतः घटस्फोटित असून १९५२ साली पुनर्विवाहित झालेले होते! शासन चालविणाऱ्यास जे क्षम्य, ते वारसाक्रमात तिसऱ्या असलेल्या स्त्रीस मात्र अक्षम्य; यास न्याय म्हणावे काय?

पुढे काळच साक्षीस आला. २००५ साली युवराज चार्ल्स यांनी कॅमिला यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोघेही घटस्फोटित होते. २०२२ साली ते राजे झाले आणि मुकुट जागचा हलला नाही. २०१३ च्या कायद्याने १७७२ चा कायदा रद्द ठरविला; आता वारसाक्रमातील पहिल्या सहा व्यक्तींनाच विवाहास राजाची संमती लागते. मार्गारेट मात्र २००२ सालीच निवर्तल्या होत्या.

तिने मनापासून त्याग केला असेल, तर तो आदरणीयच होय. पण व्यक्तीचा मोठेपणा हा कायद्याचा बचाव होऊ शकत नाही. दुसऱ्याच्या दुःखनिवारणासाठी स्वेच्छेने केलेला त्याग हे कर्तव्य; एखाद्या संस्थेची प्रतिष्ठा राखण्यासाठी दुर्बलाकडून घेतलेला त्याग ही वसुली होय. म्हणून त्यागाची कोणतीही कथा पाहताना वाचकांनी अश्रू पुसून तीन प्रश्न विचारावेत : त्याग मागितला कोणी? लाभ कोणास झाला? आणि नियम बदलणे ज्यांच्या हाती होते, त्यांनी स्वतः काय सोडले?