‘नवाच घ्या’ म्हणणाऱ्यांना

माझी भाची अकोले तालुक्यातून संगमनेरला कॉलेजला येते. तिच्याकडे 2014 साली घेतलेला, 4 जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. तो फारच रडू लागला तेव्हा दुकानदाराने सांगितले, “याच्यात आता राम राहिला नाही, नवाच घ्या.” हा सल्ला सध्या घरोघरी मिळतो आहे. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा सुविधा लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. ती पिढी 2017 ची. त्याआधीची चालती यंत्रे एका तारखेने बाद ठरली. कांद्याचा भाव पडलेल्या वर्षी घरात नवा लॅपटॉप येत नाही, हे नगर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायला नको.

म्हणून आम्ही त्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली बसवायला घेतली. माझा पहिला आक्षेप मात्र लिनक्सच्या पुरस्कर्त्यांवरच आहे. “पेन ड्राइव्ह लावा, अर्ध्या तासात काम होते,” असे ते सांगतात. होत नाही. लिनक्सची पावणेतीन-तीन जीबीची फाइल गावाकडच्या मोबाइल नेटवर उतरवण्यातच संध्याकाळ जाते. ती पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, वेगळ्या प्रोग्रॅमने लिहावी लागते, आणि त्यात ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. मग यंत्र त्या ड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी कुठे एफ 12 दाबायचे, कुठे एफ 9, कुठे एस्केप. मध्येच सिक्युअर बूट आडवे येते. एखाद्या यंत्रात डिस्क ‘रेड’ पद्धतीवर लावलेली असते आणि इन्स्टॉलरला ती दिसतच नाही. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ‘रेड’ऐवजी एएचसीआय निवडावे लागते. आमची तर बॅटरी मेलेली. डिस्कचे भाग पाडून झाले, फायली उतरत होत्या, तेवढ्यात वीज गेली. सगळे पहिल्यापासून.

दुसऱ्या रात्री लिनक्स बसले, तर वायफाय नाही. चिपचा ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा, आणि नेटसाठी तीच चिप लागणार. यावर तोडगा आहे. मोबाइल यूएसबी केबलने जोडा, टेदरिंग चालू करा. लिनक्सला नेट मिळते, ड्रायव्हर मॅनेजर उघडतो, पुढचे काम पाच-दहा मिनिटांचे. एवढे एक वाक्य आधी कोणी सांगितले असते तर एक अख्खी रात्र वाचली असती. हा त्रास खरा आहे. तो लपवून लिनक्सचा प्रचार करणारे लिनक्सचेच नुकसान करतात, कारण पहिल्या अडचणीला माणूस स्वतःलाच अडाणी ठरवून हात टेकतो.

पण या त्रासावरून “लिनक्स हे साध्या माणसाचे काम नाही” असा निकाल देणे मला मान्य नाही. विंडोज तरी साध्या माणसाने कधी बसवले? ते कारखान्यातून बसूनच येते, बिघडले तर दुकानदार बसवून देतो. तुलना करायची तर बसवण्याची बसवण्याशी आणि वापराची वापराशी करा. वापरात भाचीला आठवडाही अडखळावे लागले नाही. फायरफॉक्स, लिबरऑफिस, पीडीएफ, ऑनलाइन अर्ज, मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग, सगळे चालते. रेड हॅटने 2004 साली खुले केलेले लोहित फॉन्ट तिच्या यंत्रावर फुकट आहेत.

“थोड्या पैशांत परवान्याशिवायचे विंडोज टाकून घ्या” हा सल्ला तर मला घातक वाटतो. कुलूप तोडून दिलेल्या त्या प्रोग्रॅममध्ये आणखी काय घातले आहे, हे देणाऱ्यालाही माहीत नसते. आणि त्याच यंत्रावर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो, आधारची प्रत ठेवतो. “एमएससीआयटीत विंडोजच शिकवतात” हेही कारण पुढे केले जाते. केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत. मराठी मुलांना ते झेपणार नाही, असे मानायला काहीही आधार नाही.

मर्यादा मात्र सांगितल्याच पाहिजेत. ज्यांचे पोट टॅलीवर किंवा सेवा केंद्रातल्या बोटांच्या ठशांच्या यंत्रावर आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. अगदी जुन्या 32-बिट यंत्रांसाठी ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 या लिनक्सनेही इन्स्टॉलर देणे बंद केले. 2 जीबी रॅमवर हलका डेस्कटॉप चालतो, पण ब्राउझर दमतो. बाकीच्यांनी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

लिनक्सच्या नावाने बोलल्या जाणाऱ्या बहुतेक अडचणी मोजक्या आहेत, आणि एकदा तोडगा कळला की कायमच्या सुटतात. कमी आहे ती शेजारी बसून दाखवणाऱ्या माणसाची. संगमनेर, लोणी, कोपरगाव, नगर इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि त्यांतल्या संगणक शाखेच्या मुलामुलींना हे सगळे येते. त्यांना माझी विनंती आहे : महिन्यातला एक शनिवार द्या, तालुक्याच्या वाचनालयात दोन टेबले मांडा, सोबत पेन ड्राइव्ह आणि एक यूएसबी केबल ठेवा. आणि ज्यांच्या कपाटात जुना लॅपटॉप पडून आहे, त्यांनी तो भंगारात घालण्याआधी तिथे घेऊन यावे. येताना फोटो आणि कागदपत्रांची प्रत काढून आणा, कारण डिस्क पुसली जाते.